रस्ता कोणाचा?

ट्रामला विरोध होतो तेव्हा वाद रुळांचा नसतो, रस्त्याच्या वाटणीचा असतो. फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग शहराने १९६० मध्ये आपली जुनी ट्राम मोडीत काढली. पुढे मोटारींची गर्दी असह्य झाली, तेव्हा भुयारी रेल्वेची योजना पुढे आली. अनेक व्यापाऱ्यांना तीच पसंत होती. कारण उतारू जमिनीखाली गेले की वरचा रस्ता मोटारींना मोकळा! १९८९ च्या नगरपालिका निवडणुकीत समाजवादी पक्षाच्या कॅथरीन ट्राउटमान यांनी अल्पखर्चिक ट्रामच्या बाजूने कौल मागितला आणि त्या महापौर झाल्या. १९९४ मध्ये पहिला मार्ग सुरू होऊन ओतपिएरसारखी श्रमिकांची वसाहत शहराच्या मध्याशी जोडली गेली. २०१७ मध्ये तर ट्राम ऱ्हाईन ओलांडून जर्मनीतील केलपर्यंत पोचली.

व्यापाऱ्यांची भीती निराधार होती, असे नव्हे. खोदकामाच्या काळात गिऱ्हाईक तुटते. त्याची भरपाई सार्वजनिक तिजोरीतून झालीच पाहिजे. परंतु भरपाईचा हक्क म्हणजे नकाराधिकार नव्हे. रस्ता सर्वांच्या पैशाने बांधला जातो. ज्याच्यापाशी मोटार नाही, त्याचाही त्यावर तितकाच हक्क आहे.