सायकल वाचते, रुमाल रद्दीत जातो

तंजावुरात जुनं घर पाडायला काढलं की परणावरून, म्हणजे आपल्या माळ्यावरून, आधी सायकल उतरते. गंजलेली, बिनटायरची हर्क्युलिस. तिला तेल मिळतं, फोटो निघतात, आजोबांवर चार हळवे परिच्छेद लिहून होतात. तिच्यामागे कापडात बांधलेला मोडी कागदांचा रुमाल असला, तर तो रद्दीवाल्याच्या काट्यावर जातो.

या हळवेपणाचा मला राग येतो. सायकल ओळखायला काही शिकावं लागत नाही. मोडी शिकावी लागते. घरात दक्षिणी मराठी बोलणाऱ्यांनाही ती अक्षरं बहुधा कोळिष्टकासारखीच दिसतात.

‘सरस्वती महालात सगळं आहे ना?’ हे ठरलेलं उत्तर. तिथं दरबाराचे मोडी कागद आहेत. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ साली कोरवलेला भोसल्यांचा इतिहास आहे. राजांचं भागलं! पण कुणी किती व्याजानं कर्ज काढलं, कुणाचं मूल दत्तक घेतलं, कीर्तनात कुठली पदं म्हटली, हे घरच्या कागदांतच सापडणार. १८५५ साली गादी संपली, घरं संपली नव्हती.

पुण्याहून येणारेही शिलालेखापुढं छाती फुगवतात आणि संध्याकाळची गाडी धरतात. एखाद्या घराचा माळा पाहू का, असं कुणी विचारत नाही.

सायकल खुशाल विका, तशा पुष्कळ आहेत. रुमाल मात्र काट्यावर टाकण्याआधी पानन् पानाचा फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्या कुणाला तरी पाठवा.