दोन खेपांमधली जत्रा

'जत्रा' हा 'यात्रा' या संस्कृत शब्दाचा तद्भव आहे, हे आपण भाषाविज्ञानाच्या पहिल्याच काही तासांत सांगतो आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतो. तिथे थोडे थांबायला हवे. 'या' म्हणजे जाणे. ज्या शब्दाच्या पोटात जाणे आहे, तोच शब्द गावाने एका जागी जमण्याच्या दिवसाचे नाव झाला. पुणे जिल्ह्यातल्या मावळ, खेड, आंबेगाव या तालुक्यांत उत्सवाच्या छापील पत्रिकेवर आजही 'यात्रा' असते आणि बोलताना मात्र 'जत्रा'. हा केवळ उच्चारभेद नव्हे. वाटेवरचा माणूस आणि गावचा देव यांचे जुने नाते या शब्दात शिल्लक आहे. आपल्या साहित्याने आणि त्याहून अधिक आपल्या समीक्षेने ते नाते विसरून जत्रा वाचली, असे माझे मत आहे.

आपण जत्रा वाचतो ती साधारणपणे दोन प्रकारे. पहिली रीत ग्रामीण साहित्याच्या चर्चेतून आलेली. तिच्यात जत्रा हे गावगाड्याचे दर्शन असते. छबिना, कुस्त्यांचा आखाडा, तमाशाचा फड, पाटलाचा मान, त्या मानावरून होणारी भांडणे, आणि शेवटी 'आता पूर्वीसारखे राहिले नाही' हा सुस्कारा. दुसरी रीत विद्यापीठांतून आली. मिखाईल बाख्तिनचा राब्लेवरचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. तो पुढे इंग्रजीमार्फत आपल्यापर्यंत पोहोचला आणि मग प्रत्येक जत्रा 'कार्निव्हल' झाली. रोजची उतरंड मोडणारे, जगाला क्षणभर उलटे टांगणारे मुक्त हास्य आपल्याला जिथे तिथे दिसू लागले. दोन्ही रीतींत एक गृहीत समान आहे. जत्रेला आलेला माणूस मुळात गावातच होता आणि जत्रेने त्याला रोजच्या जगण्यातून बाहेर काढले, असे दोन्ही मानतात. पण जो गावात नव्हताच, त्याचे काय? जो केवळ जत्रेपुरता आला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्याला लागला, त्याची जत्रा कोणत्या रीतीने वाचायची?

हा प्रश्न आंदर मावळासारख्या खोऱ्यात उभे राहिले की टाळता येत नाही. मुंबई-पुणे रस्त्यावर कान्हे फाट्याला आत वळले की टाकवे बुद्रुकवरून आंद्रा नदीच्या खोऱ्यात शिरता येते. वर खांडी-कुसूरकडे सह्याद्रीची कडा लागते आणि कुसूर घाटाची जुनी वाट भिवपुरीच्या अंगाला कोकणात उतरते. या खोऱ्याचेच नाव घेऊन टाटांनी १९१६ मध्ये आंध्रा व्हॅली वीज कंपनी काढली. १९२२ मध्ये ठोकरवाडीचे पाणी डोंगरापलीकडे भिवपुरीच्या वीजगृहात पडू लागले. आधी पाणी घाट उतरून मुंबईच्या कामाला लागले. माणसेही त्याच दिशेने जात राहिली. कुणी डबे पोचवायला गेले, कुणी गोदीत, कुणी बाजारात ओझी उचलायला. पुढे तळेगाव-चाकणचे कारखाने उभे राहिले, १९८९ मध्ये न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले, २००२ पर्यंत द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, आणि पोटासाठी बाहेर पडण्याचा आणखी एक मार्ग रुळला, तो म्हणजे मालवाहू गाडीचे चाक हाती धरणे. भातशेती पावसाळ्यापुरती, उरलेले वर्ष रस्त्याचे.

अशा घरातला जत्रेचा दिवस कसा असतो? चैत्र लागला की गावोगावच्या तिथ्या ठरलेल्या असतात. घरधनी कुठेतरी लांबच्या खेपेवर असतो. माल कधी उतरेल, परतीचे भाडे कधी मिळेल, यांवर त्याचे येणे अवलंबून. घरात फोनवरून गणित चाललेले असते: आज कुठवर आला, गाडी खाली झाली का. तो येतो बहुधा पहाटे. मोठी गाडी गावाच्या रस्त्याला येत नाही म्हणून ती कुठेतरी फाट्याला किंवा मालकाच्या आवारात उभी करून, हातात कपड्यांची पिशवी घेऊन. अंघोळ, देवाला नारळ, पुरणपोळीचा नैवेद्य. दुपारी बायको-मुलांना घेऊन तो जत्रेत शिरतो. गोडीशेव, रेवड्या, बांगड्यांची दुकाने, पाळणा. संध्याकाळी पालखी, रात्री तमाशा. आणि तमाशा रंगात येण्याच्या सुमारास कधीकधी मालकाचा फोन येतो, की गाडी भरून तयार आहे.

वरवर पाहता हा दिवस इतर कुणाच्याही जत्रेसारखाच आहे. नीट पाहिले तर त्यात दोन परस्परविरुद्ध ओढी आहेत. वर्षभर गावात राहिलेल्या बायकोसाठी जत्रा म्हणजे घराबाहेर पडणे. तिला पाळण्यात बसायचे आहे, चार दुकाने फिरायची आहेत, नवऱ्यासोबत चारचौघांत दिसायचे आहे. तीन-तीन राज्ये ओलांडून आलेल्या त्याच्यासाठी जत्रा म्हणजे घरी टेकणे. त्याला गर्दी, कर्णे, धूळ आणि वेगाने फिरणारी कुठलीही वस्तू नको आहे. ओट्यावर पाय पसरून बसायचे आहे, ताटातले गरम खायचे आहे. एकच दिवस एकीसाठी जाण्याचा आणि दुसऱ्यासाठी थांबण्याचा. मुलांना तर बापच पाहुण्यासारखा. त्याच्याकडे काय मागावे आणि किती मागावे याचा त्यांना अंदाज नसतो. या ओढाताणीतून दोघे संध्याकाळपर्यंत काय वाट काढतात, कोण कुणासाठी किती सरकते, यात एका कथेचा ऐवज आहे. 'यात्रा' या शब्दातले जाणे आणि जत्रेतले थांबणे या ठिकाणी एका संसारात समोरासमोर येतात.

जत्रेच्या तिथीला या घरात जे वजन येते, तेही लक्षात घेण्यासारखे आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाच्या कामाचे दिवसाला आठ तास आणि आठवड्याला एक विश्रांतीचा दिवस ठरवला होता. एकट्या-दुकट्या गाडीवर काम करणाऱ्यापर्यंत असा कायदा क्वचितच पोहोचतो. जो आठवडाभर रस्त्यावर असतो त्याला रविवार कळतो तो बंद दुकानांमुळे. अशा आयुष्यात जत्रेची तिथी हीच एक तारीख अशी, की जिच्याबद्दल मालकाशी वाद घालताना चालकाच्या पाठीशी गाव आणि देव उभे असतात. आजारपण खोटे ठरवता येते, लग्न पुढच्या महिन्यातले असू शकते. गावची जत्रा मात्र कुणाच्या सोयीने हलत नाही. मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण इथे बोलके आहे. १८९० मध्ये महादेव हावजी बच्चे यांनी उभ्या केलेल्या या व्यवसायातले बहुसंख्य लोक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले. चैत्रातल्या जत्रांसाठी ते काही दिवस एकदम सुट्टी घेतात आणि मुंबईतली कचेरीची माणसे तेवढे दिवस जेवणाची दुसरी सोय पाहतात. शहराचे वेळापत्रक इथे खेड्यातल्या तिथीपुढे नमते. चालकाला ही एकजूट नाही. त्याची गाडी एकटी, त्याची रजाही एकट्याने मिळवायची. म्हणूनच तो जत्रेला आला आहे, ही साधी गोष्टसुद्धा त्याने मिळवलेली असते.

जत्रा आणि रस्ता यांची ही सांगड आजची नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या ग्रंथात पुण्याभोवतीच्या मातृदेवतांच्या ठाण्यांचा शोध घेतला. ही ठाणी, जुने व्यापारी मार्ग आणि बौद्ध लेणी यांचा परस्परसंबंध त्यांनी मांडला. मावळातलेच कार्ले पाहा. तिथल्या चैत्यगृहाच्या शिलालेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, धेनुकाकटाहून आलेल्या यवन दात्यांची नावे आहेत. ही सगळी वाटेवरची माणसे. त्याच चैत्यगृहाच्या तोंडाशी एकवीरेचे देऊळ आहे आणि चैत्रात तिच्या यात्रेला किनारपट्टीवरचे कोळी घाट चढून येतात. घाटमाथ्यावर दान देणारा श्रेष्ठी आणि आज गाडीच्या काचेवर देवीचे चित्र लावणारा चालक यांच्यामध्ये दोन हजार वर्षे आहेत; देवाशी असलेला वाटसरूचा व्यवहार मात्र ओळखीचा वाटतो. जत्रेला 'मातीतली', 'स्थिर' संस्कृती ठरवताना आपण हा सगळा रस्ता पुसून टाकतो.

इतर भाषांकडे पाहिले तर ही उणीव अधिक जाणवते. फणीश्वरनाथ रेणूंच्या 'तीसरी कसम अर्थात मारे गए गुलफाम' या कथेचा नायक हिरामण हा गाडीवान आहे. नौटंकीतल्या हिराबाईला तो आपल्या बैलगाडीतून मेळ्याला नेतो. कथेचा बराचसा भाग रस्त्यावर घडतो आणि मेळा येतो तो रस्त्याचा शेवट म्हणून. भाडे, माल, बंदी, पोलीस हे सगळे त्या कोवळ्या कथेत आहे, कारण गाडीवानाचे काम रेणूंनी दुय्यम मानलेले नाही. प्रेमचंदांच्या 'ईदगाह' (१९३३) मध्ये हामिद तीन पैशांत आजीसाठी चिमटा आणतो. मेळ्याची किंमत तिथे घरातल्या चुलीपाशी ठरते. एका कथेत मेळा रस्त्याला जोडला आहे, दुसरीत घराला. रस्ता आणि घर या दोन्हींच्या मध्ये उभी असलेली जत्रा, आणि तिच्यात बायकामुलांसह फिरणारा गाडीवान, मला मराठी कथेत ठळकपणे भेटलेला नाही.

या म्हणण्यावर आक्षेप येतील. पहिला असा, की हे सारे जत्रेचे उदात्तीकरण आहे. जत्रेत कर्ज होते, दारू वाहते, वर्गणीची सक्ती होते, हे खरेच आहे. शिवाय पाहुणेरावळे आले की त्या दिवशी सर्वांत जास्त राबते ती घरची बाई. पुरण वाटण्यापासून दुसऱ्या दिवशीच्या तिखट जेवणाच्या भांड्यांपर्यंत. नवऱ्याचा थांबण्याचा दिवस तिच्या कष्टावर उभा असतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी गावांतून सुरुवात करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. वाट पाहणाऱ्या बाईचे एवढे मोठे शब्दभांडार आपल्या हाताशी आहे. तरी आपण जत्रा वाचतो ती पुरुषाच्या फेट्यापासून. दुसरा आक्षेप जातीचा. जत्रा सर्वांची नसते. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) मध्ये नाचायला निघालेल्या जब्याच्या डोक्यावर बत्ती दिली जाते, तेव्हा उत्सव कुणाचा आणि उजेड धरण्याचे काम कुणाचे हे लख्ख दिसते. तमाशा कलावंतांचेही तसेच. पाडव्याच्या सुमाराला गावकारभारी नारायणगावच्या राहुट्यांवर सुपारी द्यायला येतात आणि गावोगावच्या जत्रांसाठी फड रस्त्याला लागतात. इतरांचा जत्रेचा दिवस हा त्यांच्या हंगामाचा दिवस. स्वतःच्या गावची जत्रा त्यांना कधी मिळणार?

हे आक्षेप माझ्या म्हणण्याला बळच देतात. जत्रेत कोण कामावर आहे आणि कोण सुट्टीवर, हा प्रश्न त्यांतून पुढे येतो. 'कार्निव्हल'ची कल्पना हा प्रश्न विचारत नाही. जग उलटे होण्यापूर्वी कुणीतरी पाणी भरलेले असते, मांडव घातलेला असतो, ट्रक चालवत फड आणलेला असतो. बैलगाडा शर्यतीवरचा वादही आपण परंपरा विरुद्ध प्राणिदया एवढ्याच चौकटीत वाचला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या शर्यतींना अंतरिम परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पण त्या काळात घाट ओस पडले तेव्हा बाहेरगावी राबणाऱ्यांच्या परतण्याचे एक कारण कमी झाले का, हे विचारावे असे साहित्याच्या लोकांना वाटले नाही.

हे सारे लिहिण्याचे कारण वर्गातले आहे. याच भागातल्या एका विद्यार्थ्याने कथालेखनाच्या प्रात्यक्षिकासाठी वडिलांच्या अशाच एका दिवसावर लिहिले. वडील चालक, जत्रेत सबंध दुपार झोपलेले, आणि आई त्यांना उठवावे की नाही या विवंचनेत. लेखन कच्चे होते, पण त्यात पाहिलेले जग होते. तास संपल्यावर त्याने विचारले, की हे ग्रामीण साहित्यात बसेल की महानगरी? आपण शिकवलेल्या वर्गवारीने त्याला असे पेचात टाकले होते. गाव म्हटले की शेत, बांध, वाडा. शहर म्हटले की चाळ, गिरणी, लोकल. त्याचे घर यांतल्या कशातच पुरते मावत नव्हते. १९७० नंतरच्या ग्रामीण साहित्य चळवळीने खेड्यातल्या लिहित्या मुलांना आत्मविश्वास दिला, हे तिचे मोठे ऋण आहे. तिने आखलेली सीमा मात्र त्यांच्या आजच्या मुलांच्या आड येऊ नये. मी त्याला एवढेच सांगितले, की खाना नंतर शोधू, आधी आई काय करते ते लिही.

आपल्या महाविद्यालयांतून अशा घरांतली मुले बसलेली आहेत. त्यांच्या वडिलांचे वर्ष खेपांनी मोजले जाते आणि त्या वर्षाला एखादाच दिवस असा असतो, की जेव्हा सगळे घर एकत्र चालत रस्त्याने जाते. त्या दिवसाला मराठीत अजून पुरती भाषा मिळालेली नाही. ती देण्यासाठी नव्या सिद्धान्ताची वाट पाहायला नको. जत्रेचे वर्णन वाचताना विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले तरी सुरुवात होईल: हा माणूस इथे कुठून आला, आणि उद्या सकाळी तो कुठे असेल?