थंडी सोसणे हा पराक्रम नव्हे



जानेवारीतल्या एका शनिवारी आपल्या वर्गात ‘माझे बाबा’ या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या. एका मुलाने लिहिले, “माझे बाबा ऑफिसात जातात. ते कॉम्प्युटरवर काम करतात.” अक्षर सुरेख, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर. बाईंनी शाबासकी दिली. वर्ग सुटल्यावर बाबा न्यायला आले ते थेट कामावरून. बोटांना भेगा पडलेल्या, नखांच्या कडांना काळे ग्रीस. त्यांनी वही वाचली, बोलले काहीच नाहीत. मुलाच्या कोटाची चेन लावायला वाकले, तर ताठरलेल्या बोटांना ती लागेना. शेवटी मुलानेच लावली.

ते बाबा आमच्यातलेच एक. त्यांना विचारूनच हे लिहितो आहोत. आम्ही चार पालक आहोत. दोघे मोटारींच्या गॅरेजमध्ये काम करतो, तिसरे ट्रक दुरुस्त करतात आणि चौथ्या आमच्या मैत्रीण नर्स आहेत.

त्या मुलाला कोणी रागावले नाही. रागवायचे तरी कोणत्या तोंडाने? “नीट अभ्यास कर, नाहीतर गॅरेजमध्ये पाने फिरवत बसावे लागेल,” हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. त्या मुलाने ते खुद्द त्याच्या बाबांच्या तोंडून ऐकले होते.

ज्या कामाबद्दल घरात बोलायचे नाही, त्या कामातल्या थंडीबद्दलही कोणी बोलत नाही. घरी सांगायची लाज आणि मालकाला सांगायची भीती, यांत माणूस गपचूप कुडकुडत राहतो. वर आपण त्यालाच सहनशक्ती म्हणतो. आमचे म्हणणे असे की थंडी सोसणे हा पराक्रम नव्हे. ऊब मागून घेणे आणि राखणे हा कामाचाच भाग आहे.

मुलांनो, तुम्ही ‘गराज’ म्हणता ती घराला लागून गाडी ठेवायची जागा. आमचे गॅरेज वेगळे. त्याला ट्रक आत येईल एवढे मोठे शटर असते. गाडी आत घेताना ते वर जाते, बाहेर काढताना पुन्हा वर जाते आणि दर वेळी आतली ऊब रस्त्यावर जाते. पारा ७ अंशांखाली राहू लागला की हिवाळी टायर लावावेत असे सांगतात. क्यूबेकमध्ये तर १ डिसेंबर ते १५ मार्च ते कायद्याने सक्तीचेच आहेत. त्यामुळे पहिला बर्फ पडला की गाड्यांची रांग लागते आणि शटर दिवसभर वरखाली होते. गाडीच्या तळाला चिकटलेला बर्फ वितळतो आणि रस्त्यावरच्या मिठाचा तो गार चिखल थेंब थेंब मानेवर पडतो. पायाखाली काँक्रीट, हातात लोखंडी पाना. निफाडला पारा दोन-चार अंशांवर आला की तिकडच्या पेपरात बातमी होते. इथल्या हिवाळ्यात शटरजवळ काम करताना तसा गारठा ही रोजची गोष्ट असते.

याविषयी कायदा काय म्हणतो ते आम्ही वाचून पाहिले. ओंटारिओतल्या कारखान्यांसाठीच्या नियमांत म्हटले आहे की बंदिस्त जागेतले तापमान त्या कामाला साजेसे असावे आणि १८ अंशांपेक्षा कमी नसावे. हे वाचून आनंद झाला. पुढची ओळ वाचून तो ओसरला. सारखी दारे उघडावी लागल्यामुळे एवढी ऊब राखणे जिथे जमण्यासारखे नाही, तिथे १८ अंशांची अट लागू नाही. म्हणजे जिथे थंडी जास्त, नेमका तिथेच आकडा गळून पडतो. पण नीट वाचले तर गळतो तो फक्त आकडा. ‘कामाला साजेसे’ हे शब्द कायम राहतात. ज्या कामात बोटांना आट्यांची जाण हवी, त्या कामाला बोटे बधिर करणारी थंडी साजेशी कशी असेल?

आमच्यापैकी एकाची पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो. चाकाचे नट बसवताना एका नटाचे आटे तिरके लागले. एरवी हे बोटांना लगेच कळते, कारण नट हाताने सहज फिरत नाही. त्या दिवशी बोटांना काहीच कळत नव्हते. पान्याने जोर लावला, नट घट्ट झाल्यासारखा वाटला. गाडी बाहेर काढण्याआधी शेजारी काम करणाऱ्या सोबत्याने एकदा नजर टाकली म्हणून चूक सापडली. त्या गाडीच्या मागच्या बाजूला लहान मुलाची सीट बसवलेली होती. ती सीट आम्ही विसरलेलो नाही. ट्रकच्या बाबतीत तर १९९७ पासून ओंटारिओचा कायदा असा आहे की चालत्या ट्रकचे चाक निखळले तर “आम्ही काळजी घेतली होती” ही सबब चालत नाही. मग चाक बसवणाऱ्या हातांची काळजी कोणी घ्यायची?

बोटे बधिर का होतात, ते आमच्या नर्स मैत्रिणीने समजावून सांगितले. गारठा वाढला की शरीर आधी हृदय, फुप्फुसे, मेंदू यांना सांभाळते. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरम रक्त धडाकडे राखले जाते. म्हणून बोटे गरम ठेवायची तर आधी छाती, मान आणि डोके गरम ठेवायला हवे. नुसते जाड मोजे हातांत घालून भागत नाही. शिवाय तसल्या हातांनी नट धरताही येत नाही.

दुसरी चूक आम्ही सगळ्यांनीच केली. भारतातून येताना डझनभर सुती बनियन आणले आणि तेच सर्वांत आत घालत राहिलो. जोराचे काम केले की घाम येतो आणि सुती कापड तो धरून ठेवते. काम थांबले की तेच ओले फडके अंग गार करते. आतला थर लोकरीचा किंवा घाम बाहेर टाकणाऱ्या पॉलिएस्टरचा हवा. हे काही नवे शास्त्र नाही. धनगर पावसात घोंगडी पांघरतो, कारण भिजली तरी लोकर बरीच ऊब राखते. आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर असतात आणि थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब देते. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ कपडे बरे, ते याच कारणाने. तापले तर एक काढता येतो, गारठले तर पुन्हा चढवता येतो.

पायांचेही तसेच. काँक्रीट दिवसभर तळव्यांतून ऊब ओढून घेते. पायाखाली रबराची चटई किंवा प्लायवूडचा तुकडा टाकला तर संध्याकाळपर्यंत मोठा फरक पडतो. दोन जोड मोजे घालून बूट घट्ट करू नये. पाय आवळला की रक्त कमी पोचते आणि थंडी उलट वाढते.

आता हात. लोखंड आणि लाकूड दोन्ही शून्य अंशांवर असले तरी लोखंड जास्त गार लागते, कारण ते हातातली उष्णता शेकडो पटींनी लवकर वाहून नेते. पान्यांचा खण म्हणूनच शटरपासून लांब ठेवावा. मुठींवर रबर किंवा जाड टेप गुंडाळावी. कामगारांच्या आरोग्यासाठी हॅमिल्टनमध्ये एक राष्ट्रीय केंद्र आहे, तेही हेच सांगते: गोठणबिंदूखाली काम असेल तर धातूच्या मुठी झाकाव्यात आणि सलग काम करणाऱ्यांना शेकायला उबदार जागा असावी. आम्ही रबरी हातमोज्यांच्या आत पातळ लोकरीचे मोजे घालतो आणि ओले झाले की लगेच बदलतो. पेट्रोलपासून विशेष जपावे. ते शून्याखालीही गोठत नाही, हातावर सांडले तर उडून जाताना कातडी आणखी गार करते आणि हिमदंश होऊ शकतो. बोट पांढरे, कडक आणि बधिर झाले तर चोळू नये, हीटरवरही धरू नये. कोमट पाण्यात ठेवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

ऊब आणण्याच्या नादात जीव मात्र धोक्यात घालू नये. शटर बंद करून इंजिन चालू ठेवणे म्हणजे मरणाला बोलावणे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. २००८ साली ओंटारिओतल्या वुडस्टॉक गावात एक अख्खे कुटुंब या वायूने घरातच गेले. त्यानंतर २०१३ साली घरांत या वायूचा अलार्म सक्तीचा करणारा कायदा झाला. धुराडे नसलेला रॉकेलचा किंवा प्रोपेनचा हीटर बंद जागेत तोच वायू सोडू शकतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. म्हणून उघड्या ज्योतीची शेगडी खाली ठेवू नये. छताला टांगलेला, धूर बाहेर सोडणारा नळीचा हीटर चांगला. तो नुसती हवा तापवत नाही, माणसे, लादी आणि अवजारे तापवतो. शटर उघडले की हवा जाते, पण तापलेल्या लादीची ऊब राहते.

काही पालक म्हणतील, हे सगळे ठीक, पण नव्या देशात, नव्या नोकरीत मालकाला हीटर मागायचा कोणी? ही भीती आम्हाला ठाऊक आहे, आम्ही ती भोगली आहे. पण हेही ठाऊक असू द्या की ओंटारिओत १९७९ पासून कामगाराला तीन हक्क आहेत: कामातला धोका जाणून घेण्याचा, सुरक्षिततेच्या कामात भाग घेण्याचा आणि धोक्याचे काम नाकारण्याचा. जिथे सहा ते एकोणीस कामगार आहेत, तिथे बहुतेक ठिकाणी कामगारांनी आपल्यातला एक सुरक्षा प्रतिनिधी निवडायचा असतो. हक्क बजावला म्हणून शिक्षा करायला कायद्याची मनाई आहे. कागदावरचा हक्क वापरणे सोपे नसते, हे खरे. म्हणून आम्ही एकेकट्याने न जाता तिघे मिळून गेलो आणि आधी छोट्या गोष्टी मागितल्या: चटया, शटरला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा, दर दोन तासांनी शेकायला दहा मिनिटे. मालक काही वाईट नव्हते. तेही त्याच लादीवर उभे असत. चटया आठवड्यात आल्या, पडदा महिन्याभराने. छताचा हीटर मात्र पुढचा हिवाळा आला तेव्हा लागला. मागितले नसते तर यातले काहीच आले नसते.

पालकांना एक विनंती. जेवताना जसे मुलांना “आज शाळेत काय झाले?” विचारतो, तसे “आज कामावर किती गारठा होता?” हेही एकमेकांना विचारावे. बाईंनाही एक सुचवतो. पाना, पक्कड, कानस, आटे, वंगण हे शब्द वर्गात शिकवा. ते चांगले मराठी शब्द आहेत आणि आमच्यापैकी काहींच्या मुलांना ते येत नाहीत, कारण आम्हीच ते घरी उच्चारत नाही.

त्या मुलाने वहीतले ते पान अजून बदललेले नाही. बदल, असे आम्ही त्याला सांगितलेलेही नाही. आधी आमचे “नाहीतर गॅरेजमध्ये पाने फिरवत बसावे लागेल” हे वाक्य बदलायला हवे.

— वर्गाचे चार पालक