तबकडीवरचे नाव

अमेरिकेत आणि इंग्लंडात सात इंची ध्वनिमुद्रिकांच्या पेट्या माळ्यावरून पुन्हा खाली येऊ लागल्या आहेत. १९६८ साली जी मुले बारा-तेरा वर्षांची होती ती आता सत्तरीच्या घरात आहेत. आणि त्या वयात ऐकलेल्या, 'बबलगम' या काहीशा हेटाळणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाण्यांविषयी ती ज्या हळवेपणाने बोलतात तो पाहून गंमत वाटावी. काळ निरागस होता, गाणी गोड होती, कोणाचे काही छुपे हेतू नव्हते, असा या स्मरणरंजनाचा एकंदर सूर असतो. त्याची चेष्टा करण्याचे कारण नाही. पण त्यातून एक गोष्ट हटकून निसटते.

आधी त्या तबकडीविषयी. मिनिटाला ४५ फेरे घेणारी ही लहान तबकडी आर.सी.ए. व्हिक्टर कंपनीने १९४९ साली बाजारात आणली. आदल्याच वर्षी कोलंबिया कंपनीची दीर्घवादी ध्वनिमुद्रिका निघाली होती. दोहोंची स्पर्धा जुंपली आणि अखेर वाटणी झाली ती वयाप्रमाणे: दीर्घवादी मुद्रिका मोठ्यांच्या बैठकीच्या खोलीत गेली, लहान तबकडी मुलांच्या हाती आली. तिची किंमत डॉलरच्या आत असे. म्हणजे खाऊचे पैसे साठवून ती विकत घेता येई. एका बाजूला एक गाणे, जेमतेम तीन मिनिटांचे. ते संपले की उठायचे, सुई उचलायची, पुन्हा लावायची. आज खिशातल्या यंत्रावर कोट्यवधी गाणी हात जोडून उभी असतात, त्यांतले एखादे न आवडले तर काही बिघडत नाही. त्या मुलाचे मात्र बिघडत असे. आठवड्याचे पैसे एका गाण्यावर लावून ते गाणे चार दिवसांत विटले, तर दोष द्यायला दुसरे कोणी नसे. आवडीनिवडीची जबाबदारी स्वतःवर घेण्याचा तो बहुधा आयुष्यातील पहिलाच प्रसंग. या स्मरणरंजनात खरा ऐवज कोठे असेल तर तो येथे आहे.

आता त्या निरागसतेचे पाहू. 'यमी यमी यमी' हे 'ओहायो एक्स्प्रेस'चे गाणे अमेरिकेत गाजले ते १९६८ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात. त्याच काळात मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि व्हिएतनाममधील युद्ध ऐन भरात होते. मुलांना ते कळत नव्हते, हे त्यांचे भाग्य. पण गाणी तयार करणारे मुळीच अजाण नव्हते. जेरी कासेनेट्झ आणि जेफ कॅट्झ या निर्मात्यांनी न्यूयॉर्कमध्ये गाण्यांचा अक्षरशः कारखाना उघडला होता. 'ओहायो एक्स्प्रेस' या नावाने गावोगाव कार्यक्रम करणारी मुले वेगळी आणि तबकडीवर ऐकू येणारा जोई लेव्हिन यांचा आवाज वेगळा. याच तबकडीच्या मागल्या बाजूवर भरलेला 'झिग झॅग' हा तुकडा म्हणजे दुसऱ्या एका गाण्याचे नुसते वादन, तेही उलटे फिरवून मुद्रित केलेले! मागच्या बाजूचे मानधन पुढच्या बाजूइतकेच मिळे, मग तिच्यावर चांगले गाणे कशाला खर्ची घाला, असा सरळ हिशेब. खाऊच्या पैशांतून त्या मुलाने अर्धी तबकडी ही विकत घेतली होती.

डॉन कर्शनर हे याहून एक पाऊल पुढे गेले. दूरचित्रवाणीसाठी जमवलेल्या 'मंकीज' या गटातील तरुणांनी, आमची वाद्ये आम्हीच वाजवणार, असा हट्ट धरला आणि १९६७ मध्ये कर्शनर यांना बाहेर पडावे लागले. पुढच्या वेळी त्यांनी हट्ट धरू न शकणारा गट निवडला: चित्रमालिकेतील आर्ची आणि त्याची मित्रमंडळी. रेघांनी काढलेली माणसे ना पगारवाढ मागत, ना संगीताविषयी मते बाळगत. जेफ बॅरी आणि अँडी किम यांनी लिहिलेले 'शुगर, शुगर' १९६९ मध्ये अमेरिकेत चार आणि ब्रिटनमध्ये आठ आठवडे अग्रस्थानी राहिले. वुडस्टॉकच्या माळावर लाखो तरुण जमले ते हेच वर्ष. आणि 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या वार्षिक यादीत पहिले आले ते चित्रातल्या मुलांचे हे गाणे. न्याहारीच्या खोक्यावर छापलेली, कात्रीने कापून वाजवायची आर्चीजची तबकडीही निघाली होती. तबकडीच्या कागदी चकतीवर गीतकारांची नावे होती, कारण मानधनाच्या हिशेबाला ती लागत. पुढे गाणारे रॉन डॅन्टे आणि त्यांना साथ देणाऱ्या टोनी वाइन यांची नावे नव्हती. गायक म्हणून छापले होते: आर्चीज.

मराठी वाचकाला यावरून आपल्याकडील एक गोष्ट आठवेल. १९४९ सालीच, म्हणजे ४५ फेऱ्यांची तबकडी जन्मली त्याच वर्षी, 'महल' चित्रपटातील लता मंगेशकर यांच्या गाण्याची मुद्रिका निघाली. तिच्यावर गायिकेच्या नावाच्या जागी चित्रपटातील पात्राचे, 'कामिनी'चे नाव होते. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे पत्रांचा वर्षाव केला, विचारणा केली, आणि नाव जाहीर झाले. आपल्याकडे पार्श्वगायकाच्या नावाला प्रतिष्ठा आली ती अशा चौकशांतून. अमेरिकेतील मुलांनी अशी विचारणा कशी करावी? गाणारा आर्चीच आहे, यावरच त्यांचा आनंद उभा होता. त्यांना दोष नाही. पण ती मुले आता सत्तरीची आहेत.

आणि बाजार तर फिरून त्यांच्याच दारी आला आहे. २०२० साली अमेरिकेत तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न १९८६ नंतर प्रथमच कॉम्पॅक्ट डिस्कच्या पुढे गेले. अर्थात ही भरती मुख्यतः दीर्घवादी मुद्रिकांची. लहान तबकडी राहिली ती संग्राहकांपुरती. हे संग्राहक पहिली आवृत्ती कोणती, कव्हर मूळचे की नंतरचे, याची बारकाईने पारख करतात. एवढ्या चिकित्सेत, आपले बालपण नेमके कोणाच्या गळ्यातून आले, या प्रश्नाला फारशी जागा नसते. गायक नसतानाही गाणे यंत्रातून काढता येऊ लागले आहे, अशा दिवसांत तरी ती असायला हवी होती.

१९६९ च्या शरदात रॉन डॅन्टे यांचा आवाज एकाच वेळी दोन गाजलेल्या गाण्यांत ऐकू येत होता. एक आर्चीजचे. दुसरे 'ट्रेसी', त्याच्या तबकडीवर नाव होते 'कफ लिंक्स', आणि तोही गट मुद्रणगृहातच जमवलेला होता. २०१८ पासून डॅन्टे जुन्या गाण्यांच्या फिरत्या कार्यक्रमांतून रंगमंचावर गाऊ लागले, तेव्हा त्यांचे वय सत्तरीपलीकडे गेले होते. समोर पांढऱ्या केसांचे तेच श्रोते. डॅन्टे उभे राहिले ते 'टर्टल्स' या दुसऱ्याच एका गटाच्या नावाखाली, त्या गटाच्या मूळ गायकाच्या जागी.