भूत कुणाच्या घरात येतं?

नया नगरात आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात पोरं मोबाइलवर 'पुराना मंदिर' बघत बसली होती. 1984 चा रामसे बंधूंचा पिच्चर. बापांनी व्हिडिओवर बघितला, आता पोरं बघतात. मधेच एकानं विचारलं, "भाई, भूत हमेशा ठाकूर के घरमेंच क्यूं आता है? अपने बिल्डिंग में क्यूं नहीं आता?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. एवढा नेमका सवाल मी कुठल्या समीक्षकाच्या तोंडून ऐकलेला नाही.

भुताला तळघर लागतं. खानदान लागतं. आपलं वन रूम किचन, तेही अकरा महिन्यांच्या करारावर. अकरा महिन्यांत कुठलं भूत सूड उगवणार?

दोस्तांनो, भूत म्हणजे जुनी थकबाकी. वाड्यानं कधीतरी कुणाचा जीव घेतलेला असतो, जमीन गिळलेली असते, बाई नासवलेली असते. ते येणं वसूल करायला कुणीतरी परत येतं. ज्याच्या नावावर सातबारा, त्याच्याच उशाशी भूत. भीती मालकाची, आणि साला तिकीट काढून घाबरतो आपण!

'पुराना मंदिर'चा साचा बघा. सामरी नावाचा सैतान. राजा त्याला पकडतो, मुंडकं उडवतो. धड देवळामागं पुरलेलं, मुंडकं पेटीत बंद. मरताना तो शाप देतो: तुझ्या वंशातल्या बाया बाळंतपणात मरतील. पण सगळी गोष्ट सांगितलीय राजाच्या घरातून. फिर्यादी तो, न्यायाधीश तो, शिक्षा देणाराही तोच. सामरीच्या बाजूनं बोलायला एक माणूस नाही. शेवटी त्रिशूळ, जाळ, आणि खानदान सुखी. 1988 च्या 'वीराना'त चेटकिणीला फासावर लटकवतात. तिथंही ठाकूरच. नोकर मात्र हसवायला, नाहीतर पहिला मरायला.

मेल्यावर तरी जात सुटते म्हणतात. खोटं! कोकणातल्या भुतांची उतरंड ऐका. ब्रह्मसमंध बामणाचा. मुंज होऊन सोडमुंजीआधी मेला तो मुंजा, तोही बामणाचाच पोरगा. खवीस म्हणे मुसलमानाचा. मुंजाची पिंपळावरची जागा राखीव, आणि या आरक्षणाविरुद्ध आजवर कुणी मोर्चा काढलेला नाही. आदित्य सरपोतदारचा 'मुंज्या' 2024 ला आला नि धो धो चालला. मुंजाला बालपण मिळालं, प्रेम मिळालं, आपलं हसू मिळालं. खवीसाला बालपण कोण देणार?

राही बर्वेचा 'तुंबाड' (2018) या साच्यातून जरा निसटला. विनायक विहिरीच्या पोटात उतरतो, भुकेल्या हस्तरपुढं पिठाची बाहुली फेकतो. तो तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा लुटायच्या. भुकेल्याला पीठ दाखवायचं, सोनं काढून घ्यायचं. आयला, हे तर वाड्यांचं सगळं अर्थशास्त्रच झालं! पण तिथंही आपण विनायकाच्या दोराला धरूनच खाली उतरतो. हस्तरच्या पोटातनं वर कुणी बघत नाही.

अमेरिकेत 1968 सालीच रोमेरोनं 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला. त्यातला बेन काळा माणूस. रात्रभर प्रेतांशी झुंजतो, घरातला तेवढा एकटा वाचतो. सकाळी बंदूकवाल्यांची टोळी येते, त्यालाच भूत समजून गोळी घालते. भुतांपासून वाचला, माणसांनी मारला.

मला भीती आहे ती या शेवटच्या सीनची. गाव मशाली घेऊन येतं, कुणी काही विचारत नाही, जाळून मोकळं. थेटरात टाळ्या. सातपुड्याच्या पाड्यांवर डाकीण ठरवून बायांना खरोखर मारलंय. 20 ऑगस्ट 2013 ला दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठं त्या वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण आता गुन्हा आहे. पिच्चरमध्ये तोच मारणारा बाबा तारणहार.

माझा आजा गावकुसाबाहेर राहिला. मसणवटा शेजारी. त्याला जन्मात भूत दिसलं नाही. दिसला तो जमाव. दिवसा राबवून घेणारं गाव रात्री आमच्या वस्तीकडं फिरकत नसे. आज नया नगराचं नाव काढलं की बाहेरचे तेच म्हणतात, "रात्रीचं तिकडं नको." 92-93 च्या दंगलीनंतर जीव मुठीत धरून मिरा रोडला आलेली कितीतरी घरं इथं आहेत, हे त्यांच्या गावी नाही. 21 जानेवारी 2024 च्या रात्री इथं हाणामारी झाली. 23 ला बुलडोझर आला. बेकायदा बांधकाम म्हणून रस्त्याकडेची दुकानं पाडली. दोषी कोण, हे कोर्टात ठरायच्या आत शेवटचा सीन उरकला. मशालीऐवजी मशीन, एवढाच फरक. बघे टाळ्या वाजवतच होते.

तर पोरा, तुझ्या सवालाचं उत्तर असं: भूत आपल्या बिल्डिंगमध्ये येत नाही, कारण त्यांच्या पिच्चरमध्ये भूत आपणच आहोत.

पुढचा पिच्चर आपण काढू. मोबाइल हातात आहेच. कॅमेरा हवेलीच्या बाजूनं लावायचा नाही. पेटी उघडायची, आणि त्या मुंडक्याला पहिल्यांदा विचारायचं: बोल बाबा, तुझं येणं किती?