आवाजाचा घसारा

कारखान्यातील यंत्राच्या घसाऱ्यासाठी मालकाला आयकरात वजावट मिळते. जिच्या कंठावर घर चालते त्या स्त्रीच्या आवाजाची झीज मात्र कोणाच्याच हिशेबात नसते. शिक्षिका, निवेदिका, कीर्तनकार, गायिका, दिवसभर दूरध्वनीवरून ग्राहकांशी बोलणाऱ्या कर्मचारी, यांतील अनेकींना पंचेचाळिशी-पन्नाशीच्या सुमारास या झिजेला तोंड द्यावे लागते, आणि तेही निमूटपणे.

रजोनिवृत्तीच्या काळात इस्ट्रोजेनचे प्रमाण घटते व त्या मानाने पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव वाढतो. स्वरतंतूंचे आवरण कोरडे पडते, त्यांना किंचित सूज येते. सर्वांनाच त्रास होतो असे नाही; ज्यांना होतो त्यांचा आवाज खाली उतरतो, तारसप्तकातील स्वर निसटू लागतात, घसा लवकर थकतो.

ख्यालगायिकेला निदान एक वाट मोकळी असते. काळी पाचमध्ये गाणारी काळी चारवर येते, तंबोरे पुन्हा जुळविते आणि मंद्रात रमते. आपला षड्ज आपणच ठरविण्याची मुभा हे आपल्या संगीताचे मोठेच औदार्य म्हटले पाहिजे. शिक्षिकेला अशी मुभा कोठली? खच्चून भरलेला वर्ग, खिडकीबाहेर वाहनांचा गोंगाट, एकामागून एक तास. आवाज पोचेनासा झाला की ती तो ताणते, आणि ताणल्याने तो अधिकच बिघडतो. निवृत्तीला तेव्हा आठ-दहा वर्षे उरलेली असतात.

गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाला आपल्या कायद्याने व्यवसायजन्य रोगांत स्थान दिले आहे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. स्वरविकारांना मात्र नाही. पोलंडमध्ये अतिवापराने जडलेले दीर्घकालीन स्वरविकार व्यवसायजन्य मानले जातात, आणि अशा रुग्णांत बहुसंख्य शिक्षकच असतात. रजोनिवृत्ती हा रोग नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्तच आहे. परंतु या नैसर्गिक बदलावर अतिश्रमाचा भार घालते ती कामाची पद्धत, आणि ती ठरविणारे हात शिक्षिकेचे नसतात.

उपाय फार खर्चाचे नाहीत. गळ्यात अडकविता येईल असा छोटा ध्वनिवर्धक, दोन तासांनंतर एक मोकळा तास, अध्यापक-प्रशिक्षणात आवाजाच्या जोपासनेचे पाठ. संप्रेरकांची औषधे घ्यावीत की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे; पुरुषी संप्रेरकांनी आवाज कायमचा जाड होऊ शकतो, एवढे गायिकांनी ध्यानात ठेवावे. इमारतीच्या रंगरंगोटीसाठी तरतूद करणाऱ्या संस्थाचालकांनी येत्या अंदाजपत्रकात ध्वनिवर्धकांचे एक कलम घालावयास हरकत नसावी.