आजाऱ्याची सेवा

केळझरच्या आमच्या वस्तीत एका आईच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि घरची चूल थंडावली. आम्ही त्रिसरण-पंचशील घेऊन परित्राणपाठ केला. भ्यालेले मन थोडे स्थिरावले. पण पाठ आटोपून आम्ही घरी गेलो नाही. अतिसाराने पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः आंघोळ घातली होती, हे आम्हाला आठवले. मग कामे वाटून घेतली. दोन तरुण रक्त द्यायला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात निघाले. एकाने महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधारकार्ड पिशवीत घातले. शेजारणीने मुलांचे जेवण पत्करले. निघताना आई म्हणाली, "पोरं जेवतील ना? मग मी निघते." बंधू-भगिनींनो, मंगलमैत्री ती हीच. जयभीम!